रिकाम्या अंगणातली यादी

माय, तू गेलीस तेव्हा आपल्या घरात कंप्युटर नव्हता, म्हणून मी काय करते हे तुला सांगायचं राहूनच गेलं. दिवसा लोहाऱ्याच्या एका कारखान्यात कंप्युटर सांभाळते. रविवारी लष्कराच्या भाकऱ्या भाजते. म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेले पायथन भाषेतल्या प्रोग्रामचे तयार तुकडे, ज्यांना लायब्ररी म्हणतात, ते एका मोफत ऑपरेटिंग सिस्टिमसाठी पॅकेजमध्ये बांधते. सोबत यादी द्यावी लागते, हे चालायला आणखी काय काय लागतं त्याची. यादी बरोबर असली तर ते कोणाच्याही मशीनवर आपोआप बसतं.

या खेपेला मराठी जोडाक्षरं नीट दाखवणारी लायब्ररी हाती घेतली. कळंबच्या एका शाळेत हीच सिस्टिम आहे. तिथली पोरं ‘विद्यार्थी’ टाइप करतात आणि अक्षरं फुटून पडतात. सिस्टिमच्या नव्या आवृत्तीची मुदत तीन दिवसांवर आलेली, हुकली तर पोरांना दोन वर्षं थांबावं लागणार. माझ्या मशीनवर सगळं झकास, पण सिस्टिममध्ये घेण्याआधी पॅकेज तपासणाऱ्यांच्या कोऱ्या मशीनवर ते तीनदा आपटलं. मी चिडून त्यांच्या मशीनलाच नावं ठेवली.

मग घाटंजीकडचं ते लग्न आठवलं. तू स्वयंपाकाच्या ऑर्डरी घ्यायचीस, यादी मी लिहायचे. शेतात मांडव आहे, कढईत तेल तापलंय, बुंदीचं पीठ तयार आहे, आणि झारा नाही!

“काहून वं, झारा कुठी हाये?”

“घरीच राह्यला. खिळ्याले लटकून.”

तू तेलाच्या डब्याच्या पत्र्याला भोकं ठोकून बुंदी पाडलीस. परतताना टेम्पोत मात्र माझी हजेरी घेतलीस. “जे घरात रोज लटकून राह्यते, ते तुले दिसतच नाही. आता चुलीपाशी बसून यादी नाही करायची. रिकाम्या आंगणात बस. आपल्यापाशी काहीच नाही असं समज, अन् मंग लिही.” तेव्हापासून मी अंगणात बसून पार काडेपेटीपासून लिहायचे, आणि तू हसायचीस.

परवा मशीनवर तेच केलं. आत काहीच नसलेली कोरी जागा उघडली आणि यादीतलं तेवढंच आत घेतलं. अर्ध्या तासात सापडलं: फॉन्ट वाचणारा एक बारका प्रोग्राम, माझ्या मशीनवर वर्षानुवर्षं पडलेला, म्हणून यादीत कधी आलाच नव्हता. एक ओळ वाढवली आणि लायब्ररी मुदतीत सिस्टिममध्ये गेली. कळंबच्या शाळेतल्या बाईंनी चाचणीची प्रत लावून फोटो पाठवला. पडद्यावर ‘विद्यार्थी’ अखंड होता. मी कारखान्यात सगळ्यांदेखत रडले, खुशाल रडले.

तपासणाऱ्या माणसाने दूरदेशाहून विचारलं, हे असं शोधायला कोणी शिकवलं? मी लिहिलं, कॉलेजात शिकले. लग्नाचे स्वयंपाक करणाऱ्या माझ्या मायनं, असं लिहायला बोटं अडली. माय, हे पत्र काही कुठे जायचं नाही. पण त्याला खरं उत्तर आजच धाडते.