दहावर एक

४ फेब्रुवारी

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

ऐन परीक्षेत तुला त्रास देते आहे. माझ्या वॉर्डात एक म्हातारेबाबा आहेत. स्टेशनाबाहेर पडलेले सापडले. डोक्याला खोक, खिशात काही नाही. आधी खूप बोलायचे, पण कुणालाच कळेना. आता गप्पच असतात. दिसतात इथल्या गोऱ्यांसारखेच, म्हणून डॉक्टरांना वाटतं, मेंदूला मार बसून बडबडत होते. पुढच्या आठवड्यात त्यांना वेड्यांच्या इस्पितळात हलवणार आहेत. मला काही ते पटत नाही. चालायला उभं केलं की मात्र पावलागणिक एकेक शब्द म्हणतात, रोज त्याच क्रमानं: ऊनु, दोय, त्रेय, पात्रु, चिंच. चिंच ऐकून मला हसू येतं. दहा पावलं झाली की उन्स्प्रेझेचे, दोयस्प्रेझेचे. तू भाषा शिकतेस, तुला काही उमगतं का बघ.

पोटभर जेवत जा.
तुझी,
आत्या

९ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

अभ्यास बाजूला सारून लिहिते आहे. बाबा मोजताहेत, आत्या, आणि रुमानियन भाषेत. फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश या तिच्या बहिणी, सगळ्या लॅटिनच्या लेकी. तुझी चिंच म्हणजे पाच, लॅटिनच्या 'क्विंक्वे'वरून आलेली. दहापर्यंत सगळ्यांचे आकडे एकाच तोंडावळ्याचे, म्हणून मी घुटमळले. अकराला ओळख पटली. बाकीच्या बहिणींनी आईचं 'एक-दहा' घासून गुळगुळीत केलं: उंदिची, ओन्से, ओंझ. ही मात्र सरळ 'दहावर एक' म्हणते. शेजारच्या स्लाव भाषांकडून तिनं ही लकब उचलली म्हणतात.

त्यांना 'बुना झिवा' म्हणून बघ. त्यांच्याकडचा नमस्कार आहे तो. आणि त्यांना हलवू देऊ नकोस.

माया आहे तशीच ठेव.
तुझी,
ठमी

१७ फेब्रुवारी

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा नमस्कार बाबांना पोचवला. माझा हात धरून रडले. डॉक्टर शेजारीच होते. त्यांनी हलवणं तर रद्द केलंच, शिवाय शोधाशोध करून ती भाषा येणारी एक शिंपीणबाई आणली. बाबा सुतार आहेत. रुमानियाहून लेकीकडे राहायला आले होते, चुकीच्या गाडीत बसले आणि इथे उतरले. लेक बिचारी तिच्याच शहरात शोधत होती. काल आली. दारातूनच तिनं हाक मारली आणि मला पडदा ओढायचं निमित्त करून तोंड फिरवावं लागलं.

शिंपीणबाईंकरवी मी बाबांना विचारलं, की मध्येच बोलणं का सोडलंत. ते म्हणाले, कुणी उत्तरच देईना, तेव्हा वाटलं आपलीच वाचा गेली. आकडे तरी शाबूत आहेत का, तेवढं रोज तपासून बघत होतो.

लोभ आहेच, तो वाढव.
तुझी,
आत्या