नमुना क्रमांक दोनबद्दल माझं मत

मुकुंदवाडी, औरंगाबाद
१ फेब्रुवारी १९९४

सन्माननीय त्रिंबकराव (गणवेश समितीचे चिटणीस म्हणून) आणि अरे त्रिंब्या (मेडिकलच्या हॉस्टेलात चार वर्षं एका खोलीत घोरलेला म्हणून),

दोघांनाही पुंडलिकचा नमस्कार. दोघांच्याही तब्येती ठीक असाव्यात. लासूर स्टेशनला जाऊन तुझ्या आईला गुडघ्याच्या गोळ्या देऊन आलो. "आमचा त्रिंबक लई वाळला आसंल न?" असं त्यांनी विचारलं. तुझं खरं वजन ठाऊक असूनही मी मान खाली घालून उसासा सोडला, त्याबद्दल आभार मानायची गरज नाही. इकडं सगळे खुशाल आहेत. माझे खांदे तेवढे वर होत नाहीत.

नव्या गणवेशाबद्दल आरमारातल्या झाडून सगळ्या डॉक्टरांची मतं आली, फक्त माझं राहिलं, असं तू तिसऱ्यांदा कळवलंस. बाकीच्यांची मतं मला पाठ आहेत. साहेबांना पोटावरचा पट्टा नको, कारण पोट पट्ट्याला जुमानत नाही. लहान मुलांच्या वॉर्डातल्या बाईंना खिसे हवेत. दातांच्या डॉक्टरांना पांढरा रंगच नको, ते बिचारे दिवसभर लोकांचं चूळ भरणं झेलतात. आणि 'डॉक्टर लांबूनच ओळखू यावा म्हणून पँटीला दोन्ही बाजूंनी तांबडी पट्टी हवी' असं वीस मिनिटं बोलणारा गाढव मी होतो. त्या भाषणातूनच नमुना क्रमांक दोन शिवला गेला, आणि वापरून बघायला माझ्याच अंगावर आला. तो हॉस्पिटलच्या आवारातच वापरायचा, ही तुझी सूचना मी नीट वाचली होती. वाचून, घडी घालून, त्याच गणवेशाच्या खिशात ठेवली आणि तो घेऊन सुट्टीवर आलो. (चकाकीचा सोस. चिकलठाण्यात पॅकिंग खात्यात राबलेल्या बापाच्या पोराला तो असायचाच, अशी मी माझी समजूत घातली.)

घरी आलो तर आबा वाटच बघत होते. विद्यापीठाच्या नावात अखेर बाबासाहेबांचं नाव आलं, हे तू पेपरात वाचलं असशीलच. एकोणऐंशी साली आबांबरोबर नामांतरासाठी जेलात बसलेल्या मंडळींनी ठरवलं होतं, की रविवारी सगळ्यांनी मिळून भडकल गेटापासून विद्यापीठाच्या गेटापर्यंत बँड लावून जायचं. आबांनी या मंडळींना वर्षानुवर्षं सांगून ठेवलंय, की पोरगा नेवीत डॉक्टर हाय. आणि त्यांचा अजिबात विश्वास नाही, कारण औरंगाबादला समुद्र नाही.

आबा म्हणाले, "ड्रेस घालून चल. एकदा बघू दे त्यांना."

मी नियम सांगितले. गणवेशात मिरवणुकीत जाता येत नाही, नोकरीवर येतं, वगैरे. आबांनी सगळं ऐकून घेतलं. आई आतून म्हणाली, "राहू द्या. त्याला जड जातंय." त्या 'जड जातंय'नं माझा निकाल लावला. मी नमुना क्रमांक दोन चढवला आणि निघालो. (मनात हिशेब असा, की गर्दीत कोण बघतंय.)

भडकल गेटापाशी कडुबा मास्तरांचा बँड उभा होता. पांढरे कोट, पांढऱ्या पँटी, आणि पँटीला दोन्ही बाजूंनी तांबडी पट्टी. त्रिंबक, आमच्यात फरक एकच होता, त्यांच्या कपड्यांना इस्त्री बरी होती. मी अजून थक्क होतोय तोवर बंदोबस्ताचे फौजदार आले, मला वरून खाली न्याहाळलं आणि म्हणाले, "तुम्ही कोणत्या खात्यातले? सर्व्हिसमधला माणूस मिरवणुकीत कसा?"

"नाही साहेब," मी म्हणालो, "मी बँडातला."

असं पटकन आणि इतक्या सफाईनं निघालं, की मला स्वतःलाच पटलं. मग मागं बघितलं तर आबा दीड हातावर उभे. चेहऱ्यावर राग नाही, काही नाही. ते कडुबा मास्तरांकडं वळले. "मास्तर, तुमचा झांजवाला कमी हाय न? ह्यो बघा तुमचाच मानूस."

झांजवाला खरंच नव्हता. वाळूजच्या कंपनीत पर्मनंट झाला होता आणि रविवारच्या ओव्हरटाइमला गेला होता. मास्तरांनी परातीएवढ्या दोन पितळी झांजा माझ्या हातात कोंबल्या. फौजदार बघत होते. वाजवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. पहिला फर्लांग मी रुग्णाची नाडी बघावी तसा हळूच वाजवत होतो, तर मास्तर कानाशी ओरडले, "आबे, डास मारतो का काय? मोकळा वाजव न!" मोकळा वाजवला. हात वर गेले की माझ्या कोटाला बटणांऐवजी लावलेली चेन खाली येई. चेन वर घ्यावी तर ठोका चुके. आबा पुढं ताठ चालत होते, एकदाही वळले नाहीत.

त्यांच्या पाठीकडं बघत वाजवताना मला आपली खोली आठवली. आबा अठरा दिवस जेलात होते तेव्हा मी साऱ्या हॉस्टेलला सांगितलं होतं, की वडील नाशिकला लग्नाला गेलेत. तुलाही तेच सांगितलं. तू विचारलंस, "एवढे दिवस कसलं लग्न?" आणि मी म्हणालो, पाहुणे फार प्रेमळ आहेत. लोक रस्त्यावर मार खात होते, आणि मी अभ्यासाचं पुस्तक तोंडासमोर धरून बसलो होतो. ते उलटं होतं, हे तू सांगितल्यावर कळलं.

गेट आलं. सगळे थांबले, बँड थांबला, म्हातारी मंडळी नुसती वर बघत राहिली. आबांच्या बरोबर जेलात असलेल्या मुक्ताबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि विचारलं, "व्हय रं रामकिसन, तुझा नेवीचा डॉक्टर आणनार व्हता न तू? कुठं हाय?"

फौजदार माझ्यापासून दहा पावलांवर. आबांनी माझ्याकडं बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली. मला सूट देत होते, त्रिंबक. तेच सोसवेना.

"मी आहे मावशी," मी ओरडलोच (कान बधिर झाले होते). "नेवीत डॉक्टर आहे. रामकिसनचा मुलगा."

"आन् मंग बँडात कामून?"

"आज सुट्टी हाय त्याला," आबा म्हणाले.

फौजदार आले. नाव, हुद्दा, ठिकाण, सगळं वहीत लिहून घेतलं. मी सगळं खरं सांगितलं. त्यांनी वही मिटली आणि म्हणाले, "पुढं पाठवायचं का ते बघतो. झांज मात्र वाईट वाजवता."

परत येताना आबा म्हणाले, "जेलातून सुटलो तवा तुझ्या हॉस्टेलला आल्तो. तू कॉलेजात व्हता. वॉचमन म्हन्ला, लगीन कसं झालं?"

मी म्हणालो, "मग?"

"म्हन्लं, झकास झालं. जेवन तेवढं साधं व्हतं."

चौदा वर्षं हे पोटात ठेवून माणूस दर दिवाळीला मला नवा शर्ट शिवून देत होता.

तुझा,
पुंडलिक

ता. क. समितीसाठी माझं मत: हात वर केले की चेन उघडते. खिसे उत्तम, तिळगुळाचे नऊ लाडू मावतात. तांबड्या पट्टीचं कापड कुठं मिळतं, हे कडुबा मास्तरांनी आपणहून विचारलं आहे, यातच सगळं आलं. सूचना मागं घेतो.

ता. क. २. फौजदारांनी कागद पाठवला तर साहेबांपुढं काही सारवासारव करू नकोस. वाचून दाखव.

ता. क. ३. ज्यासाठी पत्र लिहायला बसलो ते राहिलंच. नमुना मी पोस्टानं परत पाठवणार होतो, पण कपड्याबद्दल आबांचं स्वतःचं मत आहे आणि ते त्यांना समितीपुढं तोंडी मांडायचंय. सोमवारी रात्री गाडीत बसतायत. मंगळवारी सकाळी दादरला उतरवून घे. ओळखायला सोपे आहेत, नमुना क्रमांक दोन त्यांच्याच अंगावर आहे, माझं काही चाललं नाही. तू गणवेशात जा आणि कडक सॅल्यूट ठोक. नियमात बसत नाही, ठाऊक आहे. तरी ठोक.