तिन्ही चालू आहेत

गिरगाव,
सोमवार, दुपार

प्रिय नम्रता,

फोन हाताशी असताना आत्या पत्र का लिहिते, असं तुझ्या मनात येईल. एक कारण सरळ आहे: फोनवर तू मधे बोलतेस. दुसरं शेवटी सांगेन. तोवर बंगळूरच्या तुझ्या त्या बाल्कनीत कॉफी घेऊन बस आणि बातमी वाच. काल लालबागच्या हॉलमध्ये आपल्या गावच्या दोन भजनी बुवांची डबलबारी झाली, आपल्या स्वयंपाकघरातल्या मशीनवर तीन सेवा, म्हणजे तुमच्या भाषेत सर्व्हिसेस, एकाच वेळी चालल्या, आणि तुला एकही फोन गेला नाही. पैज मी जिंकले आहे.

मे महिन्यात तू काय म्हणाली होतीस, ते तुझ्याच शब्दांत देते. आत्या, एक चालतेय ना, तिला चालू दे, दुसरी बसवायच्या भानगडीत पडू नकोस, अडकशील आणि मग मलाच धावत यावं लागेल. मी म्हटलं, डबलबारीपर्यंत तीन बसवते आणि तुला एक अक्षर विचारत नाही. तू हसलीस. हे हसू तू बापाकडून घेतलं आहेस. मी संस्कृतात एम.ए. करणार म्हटल्यावर माझा भाऊही असाच हसला होता.

पहिली सेवा तुझीच. लॉकडाउनमध्ये तू तुझा जुना कॉम्प्युटर पिठाच्या डब्याशेजारी मांडलास, त्यावर लिनक्स घातलंस आणि माझ्या स्तोत्रवर्गासाठी तो प्रोग्रॅम लिहिलास. मी म्हणायचं, बायकांनी आपापल्या घरून ऐकून मागून म्हणायचं, आणि झालेलं सगळं मशीनमध्ये साठून राहायचं. त्यात म्होरक्या मात्र एकच. ते मला चालण्यासारखंच होतं. मशीनवर मी विणलेला रुमाल घातला होता, तो तू गरम होईल म्हणून काढलास, एवढाच काय तो आपला मतभेद.

मग यंदा मेच्या सुरुवातीला लवूबुवा आले. त्यांच्या मंडळातली माणसं आता विरारला, कळव्याला, बदलापूरला पांगली आहेत, लालबागच्या खोलीत तालमीला चार डोकी जमत नाहीत. चहाची बशी हातात धरून मला म्हणाले, बाईनू, तुमच्यो बायका घराकडसून म्हणतत, मग माझो कोरस कित्याक नाय? त्यांना हो म्हणून चार दिवस झाले नाहीत तोच शामरावबुवा दारात. त्यांचीही तीच रड. आता हे दोघे एकाच गावचे, पण दोन वाड्यांचे, आणि बारीत समोरासमोर बसणारे. एकाने गायचं, दुसऱ्याने त्याला तिथल्या तिथे उत्तर द्यायचं. नवा गजर, म्हणजे बारीत घोळवून म्हणायचं नवं पद, बारीच्या दिवसापर्यंत पलीकडच्याच्या कानावर जाता कामा नये, हा त्यांचा धर्म. म्हणजे घर एक, मशीन एक, पण तिघांनी एकमेकांचा श्वासही ऐकायचा नाही.

मला त्यात काही अवघड वाटलं नाही. तुझ्या पणजोबांची गावकीची खोली मी लहानपणी पाहिली आहे. लालबागच्या चाळीत दहा बाय बाराची एकच खोली, गावचे वीस-बावीस गिरणीवाले, आणि प्रत्येकाची आपली खुंटी, आपली पेटी. दुसऱ्याच्या खुंटीला सदरा टांगला तर संध्याकाळी गावकी बसायची. मशीनमध्येही तेच. ज्याला तुम्ही पोर्ट म्हणता ती खुंटी, आणि जिथे गाणी साठतात तो फोल्डर म्हणजे पेटी. इतकं समजत असूनही आत्या चुकलीच, ते ऐक.

पहिल्या दिवशी सेवा सुरू करणारी तुझी फाइल तशीच उतरवून लवूबुवांच्या नावाने सुरू केली. मशीनने कळवलं, हा पत्ता आधीच वापरात आहे. एका खुंटीला दोन सदरे. ठीक, त्यांना नवी खुंटी दिली, नवी पेटीही दिली. मग लवूबुवांची फाइल उतरवून शामरावांची केली, खुंटी बदलली, तिन्ही सुरू झाल्या, आणि मी स्वतःसाठी शिरा केला. शिरा करायची घाई झाली. सातव्या दिवशी शामरावांचा फोन, अगदी भारदस्त आवाजात. बाई, तुमच्या यंत्राने मला लवूचा नवा गजर ऐकवला, मी ताबडतोब बंद केला. ताबडतोब म्हणजे कधी, मी विचारलं. दोनदा ऐकून झाल्यावर, म्हणाले. पेटी बदलायची राहिली होती, बयो. दोघांची गाणी एकाच पेटीत पडत होती.

लवूबुवांना मी स्वतः जाऊन सांगितलं. त्यांनी पखवाज बाजूला सारला. मग म्हणाले, त्येणां चोरूक नाय, तुम्ही वाटलात. आता बारीत बसान मी काय तुमचा देवः देवौ देवाः म्हणू? मला हसू आलं आणि लाजही वाटली. बारीला अकरा दिवस उरले होते. त्या दिवशी दोन्ही बुवांचं पंचवीस वर्षांत पहिल्यांदा एकमत झालं: नम्रताक फोन लावा. मी फोन हातात घेतलाही होता, तुझं नाव समोर होतं. तू ते दहा मिनिटांत नीट केलं असतंस, आणि मग त्या दहा मिनिटांच्या जोरावर पुढची दहा वर्षं मला ऐकवलं असतंस. फोन उपडा ठेवला.

वही घेऊन बसले. तीस वर्षं मी पोरांना शिकवते की एक देव शब्द चालवता आला की त्याच्यासारखे सगळे चालतात, प्रत्येक शब्द वेगळा उतरवून काढू नका, तिथेच चुका होतात. आणि मी काय करत होते, तर फाइलवरून फाइल उतरवत होते. मशीनमध्ये तशीच सोय आहे, हे शोधायला मला तीन दिवस लागले. नमुन्याची एकच फाइल लिहायची, नावाची जागा मोकळी ठेवायची. नाव घातलं की त्या नावाची पेटी आणि त्या नावाची रोजनिशी, म्हणजे तुमचा लॉग, आपोआप. खुंटीचा आकडा तेवढा ज्याच्या त्याच्या चिठ्ठीत. तू हे कधीतरी सांगितलं असशील. मी ऐकलं नसेन.

मग परीक्षा घेतली. लवूबुवांची तालीम चालू असताना शामरावांची सेवा बंद केली. लवूबुवांचा ताल तसूभर हलला नाही. मग सरळ मशीनची वायर उपटली. पुन्हा लावल्यावर माझा वर्ग उठला, लवूबुवा उठले, शामराव झोपलेलेच. त्यांना सुरू केलं होतं, पण मशीन उठलं की तुम्हीही उठा, असं सांगितलं नव्हतं. तेही सांगितलं. पुढे पाच वेळा वायर उपटली. शेजारची कीर्ती डोकावून म्हणाली, मावशी, इस्त्रीवर राग काढताय का?

आता कालचं. बारी दुपारी तीनला उभी राहिली. गावातले लोक घरी बसून ऐकणार होते, पण एका वाडीला दुसऱ्या बुवाकडून ऐकणं कमीपणाचं, म्हणून एकच बारी एकाच गावात दोन सेवांच्या दोन वाटांनी जात होती. त्याच वेळी माझ्या बायका आपलं आपण पाठांतर करत होत्या. चार वाजून दहा मिनिटांनी कीर्तीचा फोन आला, मावशी, बिल्डिंगची लाइट गेली. मी लालबागला, मशीन गिरगावात. तेवढ्यात दोन्ही बाजूंचा एकेक माणूस माझ्या खुर्चीपाशी, आमचाच आवाज कसा गेला? दोघांचाही गेला, म्हटल्यावर दोघेही शांत झाले आणि परत जाऊन बसले. आठ मिनिटं मी पदराचं टोक पिळत होते. वीज आली. मी कशालाही हात लावला नाही. थोड्या वेळाने फोनवर मशीनचा हालहवाल दाखवणारी तुझी ती काळी खिडकी उघडली. एकाखाली एक तीन ओळी, आणि तिन्हींपुढे हिरव्या अक्षरांत लिहिलेलं: चालू. फोनमधून गावाहून शिट्टी ऐकू आली, ती लवूबुवांसाठी होती, पण मी माझी समजले.

आणि बुवांचं म्हणशील, तर लवूबुवांनी तो फुटलेला गजर गायलाच नाही. शामराव अकरा दिवस त्याचं उत्तर घोटत बसले होते. प्रश्नच आला नाही. शेवटी त्यांनी ते उत्तर तसंच गायलं, कशाचं ते हॉलमध्ये आम्हा थोड्यांनाच ठाऊक. लवूबुवा खाली उतरून माझ्या पाया पडायला आले आणि कानात म्हणाले, बाईनू, पुढल्या वर्षी पन असोच एक गजर फोडा.

आता दुसरं कारण. मे महिन्यात डब्लिनच्या त्या कंपनीचं नोकरीचं पाकीट इथल्या पत्त्यावर आलं, तेव्हा तू फोनवर म्हणालीस, फेकून दे, मी नाही म्हणून कळवणार आहे, तुझं ते मशीन कोण बघणार. मी फेकलं नाही. ते पिठाच्या डब्याखाली होतं, म्हणून कोपऱ्याला थोडं पीठ आहे. सोबत जोडलं आहे. होकार कळवायची मुदत चोवीस तारखेपर्यंत आहे, आणि तू अजून नकार कळवलेला नसणार, एवढी मी तुला ओळखते. मशीनला तुझी गरज नाही, हे कालपासून सिद्ध आहे. राहता राहिले मी. तुझी आई गेली तेव्हा तू सात वर्षांची होतीस आणि मला नीट भातही लावता येत नव्हता. तेव्हापासून मी बऱ्याचदा बंद पडले आहे. प्रत्येक वेळी आपली आपण उठले, तुला फक्त आवाज ऐकू आला नाही. जा, बाळा.

तुझीच, तिन्ही सेवांसह चालू असलेली
आत्या

ता. क. मशीनचा पासवर्ड आज सकाळी बदलला. तुला सांगणार नाही.