बाबांची नळी आणि ठिबकची कडी

९ डिसें.
अकोल्याहून परतलो. बाबांची लघवी अडल्यापासून नळी आहे. डॉ. म्हणाले, आता नळी चिमट्याने बंद ठेवा, दर दोन तासांनी सोडा, मूत्राशयाला भरायची सवय होऊ द्या. शनिवारी अकोटला काढू. मग लघवी आपली आपण झाली तर ठीक, नाही तर ऑपरेशन. बाबांचं हृदय आधीच कमजोर. मला भीती वाटते, इथेच लिहिते.

१० डिसें.
चिमटा मोडला. अकोटला दुसरा मिळेना. बाबा खाटेवरून, "ठिबकची कडी आन."
ठिबकच्या नळीचं टोक दुमडून वर चढवतात ती, इंग्रजी आठच्या आकड्यासारखी. आधी ढिली पडली, थेंब थेंब चालूच. नळी दोनदा दुमडली तेव्हा बसली. नुसती दाबली तर कडेला बारीक फट राहते, दुमडीत राहत नाही. नववीच्या वर्गात दाखवायला हवं. नळी कशाची, ते सांगायचं नाही.

११ डिसें.
कडी सोडायच्या पाळ्या बाबांनीच घेतल्या. खडूने भिंतीवर वेळा, ओलिताच्या लिहायचे तशाच.
मी शाळेतून आले तर बाबा घामाघूम, ओठ पांढरे. कडी दहापासून तशीच. तीन वाजले होते!
"बाबा, कावून नाही सोडली?"
"संत्र्याले ताण देल्याबिगर बहार फुटते का?"
बागेचं पाणी महिन्याभरापासून तोडलंय, तोच हिशेब स्वतःला लावला. कडी काढली. मी रागावले, मग रडले. बाबा भरत्या पिशवीकडे बघत, "लय साचलं होतं वं."
डॉ. फोनवर ओरडले. दोन तास म्हणजे दोनच. कडी आता माझ्याकडे.

१३ डिसें.
विचारलं, ताण जास्त झाला तर?
"झाड वाळते. रोज पान पाहा लागते."
"मंग तुमचं पान कोन पाहत होतं?"
 दुपारी बाबा स्वतःच म्हणाले, "भरल्यावानी वाटून राहिलं." आधी कळत नव्हतं. आता कळतं! वहीत दोनदा लिहिलं.

१४ डिसें.
सकाळी नऊला अकोटला नळी काढली. तीनपर्यंत लघवी झाली पाहिजे, नाही तर परत दवाखाना. पाणी, ताक, पुन्हा पाणी. एक वाजला, नाही. दोन, नाही.
बाबा बागेत निघाले. "संग येऊ नको. हाक बी मारू नको."
बागेच्या धुऱ्यावर, बांधावर बसून लिहितेय. कडी मुठीतच आहे. अडीच. चौथ्या ओळीत त्यांचं बनियन दिसतं. माझ्याकडे पाठ करून उभे आहेत. बराच वेळ झाला, वाळल्या पानांवर धार वाजतेच आहे.