बिनमालकाच्या गाडीची पूजा

दुबई, दसऱ्याचा दुसरा दिवस

तीर्थरूप दादास, धाकट्या जीवनचा दंडवत.

मी खुशाल हाय. जेवणाचे हाल न्हाईत. आईचा गुडघा कसा हाय?

मी चालवत होतो त्या दोन्ही गाड्या शेठनं विकल्या. आता मोबाईलवर बोलावलं की बिनड्रायव्हरची गाडी दारात येते. गल्लीत कुणीच सोताची गाडी ठेवंना. शेठनं मला त्याच गाड्यांच्या कंपनीत लावून दिलं. स्टेरिंग आपोआप फिरतं, आपण नुसतं लक्ष ठेवायला हात मांडीवर ठेवून बसायचं.

केजला आपल्या जीपला करतो तशीच काल हितल्या गाडीची पूजा केली. हार घातला, नारळ फोडला, कुंकू लावलं. ते नेमकं तिच्या कॅमेऱ्यावर लागलं अन् गाडी हलंना.

कंपनीचा साहेब आला. म्हणाला, "तुझी गाडी हाय का ही?"

मी म्हटलं, "मग कुणाची?"

"कुणाचीच न्हाई."

त्यानं कुंकू पुसलं, मोबाईलवर बोट ठेवलं, अन् गाडी मला न घेताच निघून गेली. पूजेसाठी काढलेल्या चपला आतच राहिल्या. खोलीपर्यंत अनवाणी आलो.

उद्या कामावर यायचं का, ते कुणी सांगितलं न्हाई.

जीपला हार घातला का? विकायचं म्हणत होता, एवढ्यात नका विकू.

आईला एवढंच सांगा, जीवनची गाडी लई शहाणी हाय.

तुमचा,
जीवन