डेपोच्या कोपऱ्यावरचं झाड

२ जुलै

ती. ताईस,
धाकट्याचा शि. सा. न. वि. वि.

पाकीट फुगलेलं बघून हुरळून जाऊ नकोस, आत पाला आहे. उद्यान खात्याने शहरातल्या जुन्या झाडांची यादी करायला घेतली आहे. आमच्या भागाला माणूस मिळेना, म्हणून मी नाव दिलं. बुंध्याचा घेर छातीच्या उंचीवर घ्यायचा, असं त्यांनी सांगितलं. छाती मोजण्यात माझं उभं आयुष्य गेलं, तेव्हा त्यात शिकण्यासारखं काही नव्हतं. फक्त टेप पुरत नाही, टाचणीने दुसरी जोडावी लागते. ही म्हणते, गिऱ्हाइकांचे कपडे राहिले बाजूला आणि शिंपी झाडांची मापं घेत फिरतोय.

काम एका झाडापाशी अडलंय. माझ्या दुकानासमोर, बस डेपोच्या कोपऱ्यावर आहे ते. त्याच्या सावलीत जन्मभर मशीन चालवली, पण त्याचं नाव मला ठाऊक नाही. डेपोच्या साहेबांना नेमकं तिथेच दुसरं फाटक काढायचंय. झाड यादीत आलं तर त्याला कुणी हात लावू शकणार नाही, आणि नाव पक्कं असल्याशिवाय ते यादीत येणार नाही. महिनाअखेरीस खात्याच्या बाई पाहणीला येतील. तू फोटोवरून काही सांगत नाहीस, तुला पान चुरडून बघायचं असतं. म्हणून छत्रीच्या मुठीने रस्त्याकडची फांदी ओढली आणि डहाळी तोडली. सोबत आहे.

भाऊजींना नमस्कार. लोभ आहेच, तो उत्तरासकट पाठव.

तुझा,
धाकटा


८ जुलै

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

मी इतकी वर्षं कॉलेजात पोरांना झाडं शिकवली आणि सख्खा भाऊ दारातल्या झाडाचं नाव विचारतोय. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

तुझं झाड नांदरूक आहे, वडाच्या कुळातलं. जाड गुळगुळीत पान, शेंड्याला किंचित टोक, देठ मोडला की चीक. तरी एका डहाळीवर भरवसा टाकू नये. दुसऱ्या बाजूचीही एक पाठव.

गुडघ्याचं विचारू नकोस. ऑपरेशन झाल्यापासून मी गॅलरीच्या पलीकडे गेलेले नाही. डॉक्टर म्हणतात चाला, तुझे भाऊजी म्हणतात चाल, आणि मला जिना बघितला की धडकी भरते. तुझी पानं आली, तेवढाच बाहेरचा वारा लागला.

वहिनीला सांग, तिचं बरोबर आहे. लोभ वाढव, वजन वाढवू नकोस.

तुझी,
ताई


१३ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न.

नांदरूक हे नाव मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवलं, डेपोच्या साहेबांनाही. ते म्हणाले, बघू. माणूस वाईट नाही. अरुंद फाटकातून बस काढताना त्यांच्या एका ड्रायव्हरचा हात चेंगरला, तेव्हापासून त्यांनी फाटकाचा ध्यास घेतलाय. मागच्या अंगाला जागा आहे, पण तिथे भंगार बसगाड्या पडल्यात आणि त्या हलवायचा सगळ्यांनाच कंटाळा.

तुझ्या हुकमाप्रमाणे दुकानाच्या बाजूची डहाळी पाठवतोय. ती काढताना पत्र्यावरून घसरलो, पण लागलं नाही.

माया आहे ती तशीच राहू दे.

धाकटा


१९ जुलै

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

तुझ्यापुढे हात टेकले. ही डहाळी खिरणीची आहे. पानाच्या शेंड्याला टोक नाही, उलट खाच आहे. नांदरुकाला खिरणीचं पान येत नाही. आंब्याला पेरू लागला तर मात्र जरूर कळव.

दोन झाडांचा पाला एका पिशवीत कोंबला असशील. लहानपणी माझ्या फ्रॉकची उजवी बाही डाव्या खांद्याला शिवली होतीस, तेव्हाही हाच गोंधळ आणि हाच आत्मविश्वास. अशी पानं त्या बाईंसमोर ठेवलीस तर तुझ्या बाकीच्या झाडांवरही त्यांचा विश्वास राहणार नाही. नीट बघ आणि मग लिही.

रागावले तरी लोभ आहे, हे वेगळं सांगायला नको.

ताई


२३ जुलै

ती. ताईस,
नमस्कार.

तुझं पत्र वाचून राग आला. मग हिला साक्षीला उभी केली, शिडी लावली आणि दोन्ही बाजूंची पानं पुन्हा काढली. ताई, दोन्ही पानं त्याच झाडाची आहेत. आसपास दुसरं झाड नाही, दुसरा बुंधा नाही.

बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, नावाबद्दल शंका असेल तर पुढच्या यादीत बघू. पुढची यादी कधी होणार, ते त्यांनाही माहीत नाही. फाटकाचं काम मात्र पुढच्या महिन्यात सुरू होतंय.

कापड चुकीचं कापलं तर जोड देता येतो. हे झाड कापलं तर मी काय करू? दुपारी दुकानात डोकं टेकतो ते त्याच्या भरवशावर. मला ते हवं आहे. तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही, आज मागतो. तू ये आणि स्वतः बघ. मी न्यायला येतो, खुर्चीत बसवून जिना उतरवतो.

माझ्यावर माया असेल तर नाही म्हणू नकोस.

धाकटा


२६ जुलै

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

शुक्रवारच्या गाडीने आम्ही दोघं निघतो. न्यायला येऊ नकोस, दुकान उघडं ठेव. आज जिना उतरून बघितला. रडत का होईना, जमलं. पण ते पान दुसऱ्या झाडाचं निघालं, तर जन्मभर ऐकवीन.

बाकी समक्ष, लोभही समक्षच.

ताई


४ ऑगस्ट

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचलो. बुंध्याला हात लावून मी इतका वेळ काय चाचपत होते, असं तू विचारत होतास. तेवढ्यात बाई आल्या आणि सगळं घाईत झालं, म्हणून आता नीट सांगते.

नांदरुकाची मुळं हाताला गुळगुळीत लागत होती. तुझ्या दुकानाच्या बाजूला दोन मुळांच्या फटीत हात घातला, तर आत खरखरीत, भेगाळलेली साल लागली. आत दुसरं झाड आहे, धाकट्या. मूळची खिरणी. कधीतरी पाखराने तिच्या बेचक्यात नांदरुकाचं बी टाकलं. त्याची मुळं तिच्या अंगावरून जमिनीत उतरली आणि तिला वेढून जाड होत गेली. तुझ्या पत्र्यावरची फांदी तेवढी तिची उरली आहे. म्हणजे दोन्ही पानं एकाच बुंध्याची, हे तुझं खरं, आणि ती एका झाडाची नाहीत, हे माझं. मी तुला वाटेल ते बोलले, ते शब्द मागे घेते. बाही मात्र तू उलटी शिवली होतीसच.

नांदरूक तिला दाबत राहणार. त्याची कोवळी मुळं दरवर्षी छाटायला बाईंनी परवानगी दिली आहे, ते काम तुझं. कपड्याची कात्री वापरू नकोस.

तुझ्या हट्टावर माझा लोभ आहे, तो सोडू नकोस.

तुझी,
ताई


१४ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

यादी लागली. आपल्या बुंध्याला दोन नंबर मिळाले आणि दोन पाट्या बांधल्या गेल्या. रोज कुणीतरी दुकानात येऊन सांगतं की खात्याने घोळ घातलाय, एकाच झाडाला दोन पाट्या. मग मी मशीन थांबवतो, त्यांना बाहेर नेतो आणि दोन्ही पानं दाखवतो. कामं तुंबलीत. ही काय म्हणते ते लिहीत नाही.

भंगार गाड्या हलल्या, फाटक मागून निघतंय. काल साहेब नव्या ड्रायव्हरांना घेऊन झाडाखाली उभे होते. ही आमची खिरणी आणि हे आमचं नांदरूक, असं हात करून सांगत होते. खिरणीला नांदरूक म्हणाले आणि नांदरुकाला खिरणी. दुरुस्त करायला मी उठलो, उंबऱ्यापर्यंत गेलोही. मग लक्षात आलं की नावं चुकली, पण ते दोन्ही वेळा आमचं म्हणाले होते. मी परत येऊन मशीनवर बसलो.

भाऊजींना नमस्कार. तुझा लोभ आहे म्हणून आमच्या दारात सावली आहे.

तुझा,
धाकटा