फॉर्मवरचा उजवा हात

१४ नोव्हेंबर, सकाळ

प्रिय ताई,

नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? लेकीची परीक्षा संपली का? आमचं सगळं ठीक आहे, असं लिहायला घेतलं आणि हात अडला.

माझं नर्सिंगच्या मुलींना शिकवणं चालू आहे. या आठवड्यात मेंदू होता. प्लास्टिकचा मेंदू उघडून दाखवला: मोठा मेंदू, मागे खाली लहान मेंदू, मधला देठ. डावा अर्धा भाग शरीराची उजवी बाजू चालवतो, उजवा डावी, असं म्हटल्यावर एक मुलगी म्हणाली, "म्हणजे आमच्या घरासारखंच, मॅडम. हुकूम एकाचा, राबणार दुसराच." सगळ्या हसल्या. मीही हसले, पण पुढचं वाक्य तोंडातून निघेना.

ताई, बाबांशी धरलेला नऊ वर्षांचा अबोला मोडून तू त्यांच्यासाठी तीनदा फोन केलास आणि मी तीनदा म्हणाले, बाबा झोपलेत. बाबा जागे होते. ऑपरेशनपासून त्यांना बोलता येत नाही.

गाठ मेंदूच्या उजव्या बाजूला होती, तेवढं तुला मागाहून कळवलं होतं. ऑपरेशनआधी एक फॉर्म भरायचा होता. रुग्ण उजव्या हाताचा की डावखुरा? मी विचारही न करता 'उजवा' लिहिलं. जन्मभर त्यांना उजव्या हाताने लिहिताना पाहिलंय. सर्जन म्हणाले, मग बोलण्याला फारसा धोका नाही, गाठ पूर्ण काढू. काढली.

आठवड्याने आत्या आली. म्हणाली, "अगं, हा तर पक्का डावरा. मास्तरांनी वर्षभर डावा हात पाठीशी बांधला, तेव्हा कुठे उजव्याने लिहायला लागला. थोरलीला सांगितलंय की त्याने. तुला नाही?"

मला नाही. घरात तूच डावरी, म्हणून तुलाच सांगितलं असणार.

मुलींना दरवर्षी मीच सांगते: बोलण्याचं केंद्र बहुतेकांच्या डाव्या अर्ध्या मेंदूत असतं, पण डावखुऱ्यांपैकी काहींचं उजवीकडे. हेच ते न निघालेलं वाक्य.

एक फोन केला असता तर तू सांगितलं असतंस. तुला त्रास नको म्हणून केला नाही, असं मी सगळ्यांना सांगते. खरं सांगू? तू आलीस की बाबा तुझेच होतील, अशी भीती वाटली. नऊ वर्षं ते माझ्या एकटीचे होते.

त्यांना समजतं सगळं. शब्द तेवढे येत नाहीत. परवा मी माझी चूक त्यांना सांगितली. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. चहा निवला. बऱ्याच वेळाने कप माझ्यापुढे धरला, गरम करून आण म्हणून. ती माफी होती की नुसती तहान, मला कळलं नाही.

'चुकलं माझं' एवढं त्यांच्या तोंडून ऐकायला तू थांबली आहेस, मला माहीत आहे. ते आता येणार नाही. ते मी घालवलं.

फोन नको करूस. कानाला लावला की उत्तर द्यावं लागतं, मग त्यांचे ओठ नुसते हलत राहतात. ये. समोर बस. भांडायचं असेल तर भांड, आधी त्यांच्याशी, मग माझ्याशी. ताईला बोलावू का, असं काल मी त्यांना विचारलं. ते उठले आणि त्यांच्या पलंगाशेजारच्या खुर्चीवरचे माझे कपडे उचलून खाली ठेवले.

तुला न विचारणारी,
तुझी धाकटी